बालकांचा मेंदूज्वर आणि औषधांना सरावलेले जंतू

महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड आणि सांगली या गावांवरून वाहत जाणारी कृष्णा ज्या मुलुखाला पाणी देते, तो मुलुख आज सातारा आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांत वाटला गेला आहे. ही वाटणी तशी अलीकडची. १९४८ साली या भागातील संस्थाने विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु रोगास जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते. माणदेशातले असो वा कृष्णाकाठचे असो, मूल अत्यवस्थ झाले म्हणजे मिरजेची वाट धरावयाची, ही या मुलखाची कित्येक पिढ्यांची रीत आहे. ज्या रोगात ही वाट दिवसांच्या नव्हे तर तासांच्या हिशेबाने चालावी लागते, असा एक रोग म्हणजे लहान मुलांचा मेंदूज्वर होय. त्याच्यावर माणसाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत औषधामागून औषध योजिले, आणि जंतूंनी त्या प्रत्येक औषधाशी जुळवून घेण्याची कला साधली. या झगड्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्यांतील आतल्या दोन आवरणांमध्ये स्वच्छ पाण्यासारखा द्रव खेळत असतो. या आवरणांस जंतूंमुळे सूज आली म्हणजे वैद्यकात तिला मस्तिष्कावरणदाह म्हणतात; घरोघरी त्यासच मेंदूज्वर हे नाव आहे. हे जंतू कोठून दूरदेशाहून येत नाहीत. ते निरोगी मुलांच्या नाकात आणि घशात निवांत वस्ती करून असतात. क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत ते घशातून रक्तात आणि रक्तातून त्या द्रवात शिरतात, आणि मग अनर्थ ओढवतो. ताप चढतो, मूल दूध टाकते, ओकते, उजेड सहन होत नाही, मान ताठ होते, आकडी येते. तान्ह्या बाळाची मान ताठतेच असे नाही; त्याची टाळू फुगून वर येते, आणि ते एकसुरी किंचाळत राहते किंवा उलट अगदी निपचित पडते. घरातील वडीलधाऱ्या बायका टाळूवरून हात फिरवून बाळाची प्रकृती अजमावीत. त्यांच्या त्या सवयीत वैद्यकाचा एक खरा धागा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या रोगाची ओळख शास्त्रास पटण्यास बराच काळ लागला. एडिंबरो येथील रॉबर्ट व्हिट या वैद्याने क्षयजंतूंपासून होणाऱ्या प्रकाराचे वर्णन लिहिले. ते १७६८ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी हा मेंदूतील जलोदर समजला जाई. जिनिव्हा शहरात १८०५ साली साथीच्या स्वरूपात आलेल्या रोगाची हकीकत व्ह्यूसो याने नोंदविली. जंतू हे या रोगाचे कारण आहेत, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सिद्ध झाले. १८८७ साली व्हिएन्ना येथे वाइक्सेलबाउम याने साथीच्या मेंदूज्वराचा जंतू, म्हणजे मेनिंगोकोकस, ओळखला. १८९१ साली जर्मनीत क्विंके याने कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो द्रव काढण्याची रीत प्रचारात आणली. १८९२ साली फायफर याने इन्फ्लुएंझाचा म्हणून जो जंतू वर्णिला तो इन्फ्लुएंझाचा नव्हता हे पुढे ठरले, पण लहान मुलांच्या मेंदूज्वराचे तो एक प्रमुख कारण आहे हेही पुढेच ठरले. हीमोफिलस इन्फ्लुएंझी असे चुकीच्या समजुतीचे नाव त्यास कायमचे चिकटले. त्याच्या 'बी' प्रकारास आज थोडक्यात हिब म्हणतात. तिसरा प्रमुख शत्रू न्यूमोकोकस, जो फुफ्फुसाचा दाहही उत्पन्न करितो.

युरोपात हे शोध लागत होते त्याच वर्षांत कृष्णाकाठी एका निराळ्या कामास आरंभ होत होता. विल्यम वॉनलेस नावाचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आले, आणि पटवर्धनांच्या मिरज संस्थानात १८९४ साली त्यांचे इस्पितळ उघडले. तंतुवाद्यांसाठी नावाजलेले हे गाव पुढे इस्पितळांसाठीही नावाजले गेले. आगगाडीचे जंक्शन तेथे असल्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा चहूदिशांनी रोगी येऊ शकत. क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर निराळे आरोग्यधामही निघाले आणि त्या वस्तीस वॉनलेसवाडी असे नाव पडले. मोतीबिंदू, मूतखडे, गळवे यांवर शस्त्राचा इलाज होता. परंतु मेंदूज्वराने बेशुद्ध झालेले मूल दाराशी आले, तर त्या काळातील कोणत्याही डॉक्टरच्या हाती, मग तो मिरजेचा असो वा लंडनचा, फारसे काही नव्हते. सुईने पाणी काढून दाब थोडा हलका करावयाचा आणि वाट पाहावयाची, एवढेच उरे. हिब आणि न्यूमोकोकस यांच्या मेंदूज्वरातून मूल वाचणे हे जवळजवळ अशक्यच समजले जाई.

पहिला आशेचा किरण घोड्याच्या रक्तातून आला. न्यूयॉर्क येथील सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यांस मेनिंगोकोकसची टोचणी देऊन त्यांच्या रक्तापासून प्रतिविषाचे पाणी, म्हणजे सीरम, तयार केले आणि ते रोग्याच्या कण्यातील द्रवात सोडण्याचा उपक्रम केला. १९१३ साली त्यांनी सुमारे १३०० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्या साथीत शंभरांपैकी सत्तरांहून अधिक दगावत, तेथे सुमारे ३१ दगावले, असा तो अनुभव होता. परंतु हे सीरम एकाच जंतूवर चाले, महाग पडे, आणि त्याचा त्रासही होई. हिबसाठी असेच सीरम सशांपासून तयार करण्याचे काम न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयात हॅटी अलेक्झांडर या बाई करीत होत्या. त्यांचे १९३९ सालचे निष्कर्ष आश्चर्यकारक होते. जो रोग जवळजवळ सर्वांचा घास घेई, त्यातून बहुसंख्य मुले वाचू लागली.

इतक्यात रासायनिक औषधांचे युग उजाडले. १९३५ साली जर्मनीत डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा गुण जाहीर केला आणि त्यातून सल्फा औषधांची परंपरा निघाली. दोन-तीन वर्षांतच मेनिंगोकोकसच्या मेंदूज्वरावर सल्फाच्या गोळ्या सीरमपेक्षा सरस ठरल्या. पाठोपाठ पेनिसिलिन आले. १९२८ साली फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत ती बुरशी प्रथम दिसली होती. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि चेन यांनी १९४० साली तिच्यातील सत्त्व औषधाच्या योग्यतेस आणून पोहोचविले. १९४२ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग यांच्या ओळखीच्या हॅरी लँबर्ट नावाच्या गृहस्थास स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा मेंदूज्वर झाला. सल्फाचा उपाय हरला होता. फ्लेमिंग यांनी फ्लोरींकडून पेनिसिलिन मागविले आणि रक्तातून दिलेले औषध मेंदूच्या आवरणांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही असे पाहून ते थेट कण्यातील द्रवात टोचले. रोगी बरा झाला. ही गोष्ट आनंदाची खरी, पण तिच्यात पुढच्या सर्व अडचणीचे बीज होते. मेंदूभोवती निसर्गाने जो कडेकोट पहारा ठेविला आहे, तो विषास अडवितो त्याचप्रमाणे औषधासही अडवितो. दाह झाला असता हा पहारा थोडा सैल पडतो, तरीही रक्तात जितके औषध असते त्याचा थोडाच हिस्सा आत शिरतो.

या एका गोष्टीमुळे मेंदूज्वर हा औषधांच्या सामर्थ्याची अत्यंत कठीण परीक्षा घेणारा रोग ठरतो. फुफ्फुसात शिरलेला न्यूमोकोकस जंतू थोडासा निर्ढावलेला असला, तरी पेनिसिलिनची मात्रा वाढवून त्यास वठणीवर आणता येते. तोच जंतू मेंदूच्या द्रवात असेल तर ती वाढीव मात्राही अपुरी पडते. म्हणूनच आजच्या प्रयोगशाळांत एकाच जंतूस दोन निरनिराळे दंडक लावितात. फुफ्फुसाच्या रोगात ज्यास औषधाला वश म्हणावयाचे, त्यासच मेंदूज्वरात अवश म्हणावे लागते. जंतूंचा अल्पसा हट्टसुद्धा येथे मुलाच्या जिवावर बेततो.

जंतू हट्टी कसे होतात, याचा एक आरंभीचा स्पष्ट पुरावा याच रोगाने दिला, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले. हॅटी अलेक्झांडर यांनी ते हिबच्या मेंदूज्वरावर योजून पाहिले. बहुतेक मुलांस गुण आला. काहींस प्रथम गुण आला आणि मग रोग उलटला. त्या मुलांच्या द्रवातील जंतू तपासता ते स्ट्रेप्टोमायसिनमध्ये सुखाने वाढत असल्याचे दिसून आले. औषध बिघडले नव्हते, जंतूंची जात बदलली होती. कोट्यवधी जंतूंत एखादाच असा निपजतो की ज्याच्या आनुवंशिक घडणीत चुकून फरक पडलेला असतो आणि त्यामुळे ते औषध त्यास बाधत नाही. औषधाने त्याचे बाकीचे भाऊबंद मारले जातात आणि सारे रान त्या एकट्यास मोकळे मिळते. अलेक्झांडर यांनी हा उलगडा ज्या वर्षांत केला, तेव्हा जंतूंच्या आनुवंशिकतेचे शास्त्र नुकतेच रांगत होते.

हाच धडा क्षयाच्या मेंदूज्वराने अधिक कठोरपणे शिकविला. हा प्रकार हळूहळू चढतो. मूल आठवडाभर किरकिरे, मलूल राहते आणि मग एकाएकी बेशुद्धीत जाते. १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनने त्यातील काही मुले प्रथमच वाचू लागली. परंतु एकटे स्ट्रेप्टोमायसिन महिनोगणती देत राहिले तर क्षयजंतू त्यास सरावतात, हे ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. मग त्याच्या जोडीस पास आणि १९५२ पासून आयसोनियाझिड ही औषधे आली. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावा, अशी ही योजना होती. आरोग्यधामातील मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती यांवर ज्या रोग्यांची सारी भिस्त होती, त्यांना खरा उपाय मिळाला. मात्र औषधे एकत्र आणि पुरी मुदत घेतली तरच, ही अट त्या उपायास जन्मापासूनच जोडलेली होती.

आपल्या देशात ही औषधे आरंभी परदेशाहून येत आणि त्यांची किंमत सामान्य घरास पेलण्याजोगी नसे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला, आणि पुढील वर्षापासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. महाराष्ट्राच्या मातीत तयार झालेल्या पेनिसिलिनच्या कुप्या तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९८४ साली कऱ्हाडास कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पूर्वी जे मूल गाडीच्या वाटेवरच दगावले असते, त्यास आता तासा-दोन तासांच्या अंतरावर मणक्यातील पाणी काढणारा डॉक्टर आणि ते पाणी तपासणारी प्रयोगशाळा मिळू लागली.

या काळात जगातील बहुतेक गरीब देशांप्रमाणे हिंदुस्थानातही मुलांच्या मेंदूज्वराचा ठरलेला उपचार म्हणजे पेनिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन आणि त्याच्या जोडीस क्लोरॅम्फेनिकॉल. या दुसऱ्या औषधाचे दोन मोठे गुण होते. ते स्वस्त होते, आणि मेंदूचा तो कडेकोट पहारा ते इतर औषधांपेक्षा सहज ओलांडीत असे. परंतु तेच औषध विषमज्वरावरही रामबाण ठरल्यामुळे त्याचा वापर सरसहा होऊ लागला. ताप आला की क्लोरॅम्फेनिकॉल, अशी जणू रीतच पडली. १९७२ साली केरळात कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या विषमज्वराच्या जंतूंची नोंद झाली. एका रोगासाठी केलेला औषधाचा अतिरेक दुसऱ्या रोगास कसा बाधतो, याचे हे ठळक उदाहरण होय. कारण जंतू आपापसात बचावाची विद्या वाटून घेतात.

ही वाटणी कशी होते, हे जाणून घेण्यासारखे आहे. काही जंतूंपाशी पेनिसिलिनचे तुकडे करणारा पाचक रस असतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याची नोंद १९४० सालीच, म्हणजे पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच, केली होती. हा रस तयार करण्याची सूचना एका लहानशा गोलाकार धाग्यात साठविलेली असते, आणि तो धागा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. १९७४ साली हिब जंतूंत ही शक्ती प्रथम आढळली आणि ॲम्पिसिलिनवरील भरवसा डळमळला. न्यूमोकोकसची युक्ती याहून निराळी. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीच्या बांधकामावरील ज्या गवंड्यांस पकडून ठेविते, त्या गवंड्यांचे रूपच तो बदलून टाकतो. त्यासाठी लागणारे आनुवंशिक तुकडे तो घशातील आपल्या निरुपद्रवी चुलत भावंडांकडून उचलतो. म्हणजे साध्या पडशासाठी उगाच घेतलेल्या औषधाने घशातील निरुपद्रवी जंतू निर्ढावले, तर त्यांचे ते शहाणपण उद्या घातक जंतूच्या हाती पडू शकते.

मग पराभवाच्या वार्ता एकामागून एक येऊ लागल्या. १९६३ साली अमेरिकेतील लष्करी छावण्यांत सल्फाला न जुमानणारा मेनिंगोकोकस पसरला. १९६७ साली ऑस्ट्रेलियात पेनिसिलिनला कमी दाद देणारा न्यूमोकोकस सापडला. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे पेनिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या दोहोंनाही न जुमानणारा न्यूमोकोकस आढळला आणि मेंदूज्वराचे रोगी उपचार चालू असताना दगावले. हिंदुस्थानाचे चित्र १९९३ ते १९९७ या काळात सहा मोठ्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीने स्पष्ट झाले. नागपूर हे त्यांपैकी एक केंद्र होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत न्यूमोकोकसचे ३१४ नमुने तपासले होते. पेनिसिलिनला थोडेसे अवश असे १.३ टक्केच निघाले, ही समाधानाची बाब. परंतु क्लोरॅम्फेनिकॉलला १७ टक्के आणि दवाखान्यांत सर्रास दिल्या जाणाऱ्या कोट्रायमोक्साझोलला ५६ टक्के नमुने दाद देत नव्हते. जे औषध घरोघर अधिक पोहोचले, तेच अधिक बोथट झाले, हे या आकड्यांचे तात्पर्य.

१९८० नंतर सेफ्ट्रिॲक्सोन हे औषध आले आणि जुनी जोडगोळी मागे पडली. ते मेंदूच्या द्रवात पुरेसे पोहोचते, पाचक रसास दाद देत नाही, आणि दिवसातून एक-दोन वेळा टोचले तरी भागते. परंतु १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याच्या वर्गातील औषधांना न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसमुळे अमेरिकेत मुलांचे उपचार फसल्याचे प्रसंग घडले. तेव्हापासून, जंतू कोणता हे कळेपर्यंत, सेफ्ट्रिॲक्सोनच्या जोडीस व्हँकोमायसिन द्यावे असा परिपाठ पुष्कळ ठिकाणी पडला. नवजात अर्भकांची गोष्ट तर याहून बिकट आहे. त्यांच्या मेंदूज्वरामागे क्लेब्सिएला, ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर असे जंतू असतात. यांतील कित्येक रुग्णालयातच लागतात आणि अखेरचा राखीव उपाय म्हणून ठेवलेल्या औषधांनाही त्यांतील काही सरावले आहेत. तेथे उपचार तीन-तीन आठवडे चालवावा लागतो, आणि कधी कधी हाताशी फारसे औषधच उरत नाही.

सातारा-सांगलीसारख्या मुलखात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. ताप आलेल्या मुलास प्रथम जवळच्या दवाखान्यात नेतात. तेथे एखादे इंजेक्शन मिळते, ताप तात्पुरता उतरतो, घरच्यांस हायसे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडी येते आणि मग कऱ्हाड, सांगली किंवा मिरज गाठावयाची धावपळ सुरू होते. पण त्या एका इंजेक्शनने मणक्यातील पाण्याचे चित्र पालटून गेलेले असते. प्रभावी औषध शिरेतून मिळाल्यानंतर मेनिंगोकोकस दोन तासांत आणि न्यूमोकोकस चार-पाच तासांत प्रयोगशाळेत वाढेनासा होऊ शकतो, असे तपासणीत आढळले आहे. अर्थात मूल मरणाच्या दारी असता पाणी काढण्यासाठी औषध रोखून धरावे, असा याचा अर्थ नव्हे. तेथे औषध प्रथम. परंतु रोग न ओळखता दिलेली अर्धीमुर्धी मात्रा जंतूस मारीत नाही, केवळ लपविते. मग डॉक्टरास शत्रू न दिसता अंधारात काठी फिरवावी लागते, आणि तो स्वाभाविकपणेच सर्वांत जबर औषध उचलतो. जबर औषधांचा वापर असा वाढत जातो, आणि जंतूंची शाळा अखंड चालू राहते.

मणक्यातील पाणी काढण्याविषयीची भीतीही येथे आडवी येते. पाणी काढल्याने मूल लुळे होते, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः सुई ज्या जागी घालतात त्या जागेच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो, आणि काढावयाचे पाणी चमचाभरही नसते. शरीर ते काही तासांत भरून काढते. सुई घालणे धोक्याचे ठरेल अशी लक्षणे आहेत की काय, हे डॉक्टर आधी पाहून घेतात. मूल पुढे बहिरे किंवा पंगू झालेच, तर तो दोष बहुतेक वेळा रोगाचा असतो, सुईचा नव्हे. वाचलेल्या मुलांपैकी काहींची श्रवणशक्ती कायमची जाते, हे या रोगाचे एक दुःखद वैशिष्ट्य. म्हणून बरे झालेल्या प्रत्येक मुलाचे कान तपासणे अगत्याचे असते. आईबापांनी नकार दिला म्हणजे जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधास वश आहे, हे कळण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग बंद होतो.

औषध आणि जंतू यांच्या या चढाओढीत अखेर बाजी उलटविली ती औषधाने नव्हे, लसीने. हिब आणि न्यूमोकोकस यांच्या अंगाभोवती साखरेचे कवच असते. तान्ह्या मुलाचे शरीर त्या साखरेस ओळखण्यास असमर्थ असते. परंतु तीच साखर एखाद्या प्रथिनास जोडून टोचली तर ते तिला ओळखू लागते. या युक्तीने तयार झालेल्या हिबच्या लसी १९८७ नंतर अमेरिकेत आल्या आणि काही वर्षांतच तेथील बालरुग्णालयांतून हिबचा मेंदूज्वर दिसेनासा झाला. जंतू पेनिसिलिनला सरावलेला आहे की नाही, हा प्रश्न लस विचारीतच नाही. शिवाय लस दिलेल्या मुलांच्या घशात तो जंतू कमी वस्ती करतो, त्यामुळे लस न मिळालेल्या शेजारच्या मुलाचेही रक्षण होते. न्यूमोकोकसची लस २००० साली अमेरिकेत रूढ झाल्यावर औषधांना अवश अशा न्यूमोकोकसचे घातक रोगही तेथे घटले. रोग झाल्यावर औषध शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. लस ही आधी खणलेली विहीर आहे.

हिंदुस्थानच्या सरकारी लसीकरणात हिबचा समावेश असलेली पंचगुणी लस २०११ साली केरळ आणि तामिळनाडू येथे सुरू झाली आणि त्यानंतर ती महाराष्ट्रासह सर्व देशात आली. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ साली सर्व देशभर देण्यास प्रारंभ झाला. साथीच्या मेंदूज्वरावरील लढाईतही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी तयार केलेली मेनिंगोकोकस 'ए'ची लस २०१० साली बुर्किना फासो देशापासून देण्यात आली, आणि त्या खंडात ज्या 'ए' प्रकाराच्या साथी दर काही वर्षांनी हजारो बळी घेत, त्या जवळजवळ थांबल्या.

परंतु लस कुपीत असून भागत नाही, ती बाळाच्या मांडीत गेली पाहिजे. पंचगुणी लसीचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यास द्यावयाचे असतात. न्यूमोकोकसचे सहाव्या व चौदाव्या आठवड्यास आणि मग नवव्या महिन्यास. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत दर वर्षी उसाच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. तान्ही मुले आयांबरोबर फडात आणि पाचटाच्या खोपीत राहतात. त्यांचे गाव मागे राहते, गावची आरोग्यसेविका मागे राहते, लसीचे कार्डही पुष्कळदा मागे राहते. सरकारी लस कोणत्याही गावच्या आरोग्यकेंद्रात कोणत्याही मुलास विनामूल्य मिळते, ही गोष्ट त्या खोपीपर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचविली पाहिजे. शहरातील सुशिक्षित घरातील बाळ आणि फडातील बाळ यांच्या घशातील जंतू एकच आहेत. एकाच्या संरक्षणातील भोक दुसऱ्याच्या दाराशी जाऊन पोहोचते.

औषधांच्या बाबतीत सरकारने काही निर्बंध घातले आहेत. १ मार्च २०१४ पासून सेफ्ट्रिॲक्सोनसह कित्येक जबर औषधे एका निराळ्या अनुसूचीत घालून त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांस बंधनकारक झाले. २०१९ साली कोलिस्टिन हे अखेरचे राखीव औषध कोंबड्या व जनावरे यांच्या खाद्यात वापरण्यास बंदी झाली. परंतु कायदा दुकानाच्या गल्ल्यापर्यंतच पोहोचतो. त्यापुढे घरातील औषधाच्या डब्याचा प्रांत सुरू होतो. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या जपून ठेवणे, एका मुलाचे औषध दुसऱ्यास देणे, साध्या पडशास "जरा जोरदार काहीतरी लिहून द्या" असा डॉक्टरांकडे आग्रह धरणे, ताप उतरताच औषध सोडून देणे, या गोष्टी सुशिक्षित घरांतूनही घडतात. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी नेमका हाच इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेने एकाच्या अंगात जंतू निर्ढावतात आणि त्यांचा बळी मात्र दुसराच ठरतो, असा त्याचा आशय होता.

गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. सीरम, सल्फा, पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, सेफ्ट्रिॲक्सोन. यांपैकी प्रत्येकाने हजारो मुले वाचविली. परंतु प्रत्येक औषधाची धार वापराने झिजत गेली, आणि जेथे ते वाटेल तसे वापरले तेथे ती लवकर झिजली. झिजल्या नाहीत त्या तीन गोष्टी: मूल वेळेवर इस्पितळात पोहोचणे, मणक्यातील पाण्याची तपासणी, आणि लस. या तिन्ही गोष्टी नव्या शोधांची वाट पाहत नाहीत. पहिली आईबापांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे, दुसरी त्यांच्या विश्वासावर, आणि तिसरी आरोग्यसेविकेच्या पायपिटीवर. नवी औषधे निघतील न निघतील. आहेत त्यांची धार टिकविणे मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या शिस्तीचा प्रश्न आहे, आणि त्या शिस्तीचे फळ बहुधा ओळखीपाळखीच्या नसलेल्या कोणा दुसऱ्याच्याच मुलास मिळावयाचे आहे.